"आई, तुम्ही बसा" म्हणण्याआधी



आपल्या हिंगणा तालुक्यातल्या एका गटातली ही गोष्ट आहे. गावाचं नि गटाचं नाव लिहीत नाही. त्या घरच्या ताईंना विचारूनच सांगते आहे.

गटातल्या एक मावशी अगदी सुरुवातीपासूनच्या सभासद. शाळेत गेल्या नाहीत, पण कोणाची किती बचत, कोणाकडे किती कर्ज, सगळं तोंडपाठ. त्याच मावशी एका बैठकीत तीन-तीनदा विचारू लागल्या, "मॅडम, मी या महिन्याचे पैसे देल्ले का?" पुढच्या महिन्यात पैसे दिले नव्हते, तरी दिले म्हणून भांडल्या. काही जणी कुजबुजल्या, "मावशी खोटं बोलून राहिली." कोणी म्हणालं, साठी बुद्धी नाठी. मी एमएसडब्ल्यू केलेली, पण माझ्याही लक्षात आलं नाही. मग एक दिवस मावशी वावरातून घरी येताना रस्ता चुकल्या. ज्या पांदणीनं अख्खं आयुष्य ये-जा केली, तीच पांदण ओळखू येईना. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हा डिमेन्शिया आहे. मराठीत स्मृतिभ्रंश.

त्यानंतर घरच्यांनी काळजीपोटी मावशींचं वावर बंद केलं, बैठक बंद केली, चुलीजवळ जाणंही बंद. "आई, तुम्ही बसा." काही महिन्यांत मावशींना खाटेवरून उठायला आधार लागू लागला. दिवसा डुलक्या, रात्री झोप नाही, सारखी चिडचिड. विसरणं आजारामुळे होतं. पण पायातली ताकद गेली ती बसून राहिल्यामुळे. म्हणून हा लेख.

हा आजार कोणाला होतो?

वयाप्रमाणे चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं आणि डिमेन्शिया वेगळा. यात मेंदूच्या पेशी हळूहळू खराब होत जातात. ओळखीचा रस्ता चुकणं, जेवूनही "मले जेवायला नाही देल्लं" म्हणणं, पैसे स्वतःच ठेवून चोरीचा आळ घेणं, रोजचा स्वयंपाक करताना गोंधळणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी सासू मुद्दाम त्रास देते असं सुनेला वाटतं आणि घरात भांडणं लागतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे १०० ज्येष्ठांमध्ये साधारण ७ जणांना. पुरुषांमध्ये हे प्रमाण १०० मागे जवळपास ६, तर बायांमध्ये ९. शहरात ५, तर खेड्यात ८ पेक्षा जास्त. म्हणजे हा आपलाच प्रश्न आहे.

चालण्याचा आणि डोक्याचा काय संबंध?

मेंदूला सतत रक्त लागतं. बीपी, शुगर वाढलेली राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. रोज चाललं की बीपी, शुगर, वजन आटोक्यात राहायला मदत होते, झोप लागते, मन हलकं होतं. अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर एक छोटा अभ्यास झाला. एका तुकडीला वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटांपर्यंत चालवलं. दुसरीला फक्त अंग ताणायचे व्यायाम दिले. वर्षानंतर चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणी साठवणारा भाग सुमारे २ टक्के वाढलेला दिसला. दुसऱ्या तुकडीत तोच भाग थोडा आक्रसला होता.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञांनी आपल्याला बदलता येतील अशी १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर १०० पैकी सुमारे ४५ जणांचा डिमेन्शिया टळू शकतो किंवा पुढे ढकलता येतो, असा त्यांचा अंदाज आहे. हालचाल कमी असणं, बीपी, शुगर, लठ्ठपणा, उदासपणा, एकटेपणा, कमी ऐकू येणं ही त्यातलीच काही. मैत्रिणींसोबत रोज चालणारी बाई यातल्या कितीतरी गोष्टींवर एकदमच काम करते.

पण चाललं म्हणजे आजार होणारच नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चालल्यानं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

"आम्ही तं जिंदगीभर राबलो!"

बैठकीत हा विषय काढला की हेच उत्तर येतं. खरंच आहे. निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, पाणी भरणं, ही सगळी हालचालच आहे आणि ती मोजली जाते. ज्या रोज वावरात जातात त्यांना वेगळं फिरायला जा असं मी म्हणणार नाही.

पण तीन गोष्टी बघा. हंगाम संपला की काम थांबतं. आपल्या कितीतरी ताया आता शिलाई मशीनवर किंवा एमआयडीसीतल्या कंपनीत दिवसभर एका जागी बसून काम करतात. आणि साठी आली की सून आली, नातवंडं आली म्हणून बाई एकदम बसते. शिवाय मेंदूतला बिघाड लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. म्हणून चाळिशीतल्या ताईनंही हे आतापासून मनावर घ्यायचं.

किती आणि कसं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. अर्धा तास एकदम जमत नसेल तर सकाळी १५ मिनिटं, संध्याकाळी १५ मिनिटं.

- चाल अशी हवी की सोबतच्या बाईशी बोलता येईल, पण भुलाबाईचं गाणं म्हणायला गेलं तर दम लागेल.
- खुर्चीवरून किंवा खाटेवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं, १० वेळा. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल.
- भिंतीला धरून टाचा वर उचलायच्या, १० वेळा.
- दाराची चौकट धरून एका पायावर १० आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसरा पाय. यानं तोल सुधारतो, पडणं कमी होतं.

आपल्याकडचं ऊन लक्षात ठेवा. एप्रिल-मे मध्ये उजाडल्यावर लगेच फिरून या. अंधारात निघू नका. सटकणारी चप्पल नको, मागून पट्टा असलेली घाला. पाणी पिऊन निघा. छातीत दुखत असेल, लवकर दम लागत असेल किंवा गुडघे फार सुजत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आजार झालाच असेल तर?

इथे खोटी आशा द्यायची नाही. इंग्लंडमध्ये डिमेन्शिया झालेल्या ४९४ लोकांवर अभ्यास झाला. त्यातल्या काहींना नियमित, बऱ्यापैकी जोराचा व्यायाम दिला. अंगातली ताकद वाढली, पण विसरणं थांबलं नाही. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मग चालवायचं कशाला? स्वतः उठता यावं, स्वतः संडासला जाता यावं, पडून हाड मोडू नये, रात्री झोप लागावी म्हणून. हे जमलं तर आजीची आब राहते आणि सुनेची कंबरही वाचते.

रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यानं न्या. एकटं सोडू नका. "व्यायाम करा" असं सांगू नका, "चाला आई, देवळापर्यंत जाऊन येऊ" म्हणा. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि स्वतः करून दाखवा. नाही म्हटलं तर ओढू नका, थोड्या वेळानं पुन्हा विचारा. घरात सवयीची कामं द्या. तूर पाखडणं, शेंगा सोलणं, कपड्याच्या घड्या, तुळशीला पाणी. घडी वाकडी आली तरी चालेल, दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर करू नका. घरच्यांचा मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून बटव्यात ठेवा.

आणि आधी तपासणी करून घ्या. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, उदासपणा यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. ३० वर्षांवरच्या प्रत्येकीची बीपी-शुगर आपल्या आरोग्य उपकेंद्रात तपासता येते, आशाताईंना विचारा. सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ हे सरकारी नंबर मोफत आहेत.

गटानं काय करायचं?

त्या मावशींच्या गटानं काय केलं ते सांगते. शेजारच्या दोघींनी ठरवलं, संध्याकाळी मावशींना मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणायचं. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "मी का पागल आहो? कायले फिरवता मले?" तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याच चप्पल घालून ओट्यावर बसू लागल्या. सुनेला तेवढा अर्धा तास स्वतःचा मिळतो. मावशी आजही विसरतात. पण खाटेवरून आपल्या आपण उठतात, रात्री झोपतात आणि बैठकीला येतात. बचतीचे पैसे सून देते, सही-अंगठ्याच्या वेळी ती सोबत असते. पैसे दिले का, असं मावशींनी पुन्हा विचारलं की ज्या बाईला विचारलं ती सांगते, "हो मावशी, देल्ले." आता कोणी कुजबुजत नाही.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गटात, आपल्या घरात कोणाला असं होतं आहे का, ते बोला. कोण कोणासोबत, किती वाजता चालणार ते ठरवा आणि ठराव वहीत लिहा. मी पुढच्या भेटीत ती वही बघणार आहे, आणि वेळ जुळली तर चालायलाही येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, हिंगणा