अपघाताची नोंद आणि विम्याचा हप्ता

देहूहून तळवड्याकडे अथवा चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाळी सुटण्याच्या वेळी बसगाड्या, कंटेनर आणि खासगी मोटारी यांची जी दाटी होते, तीत एखाद्याच्या मोटारीचा बंपर फुटला की, विमा कंपनीच्या दप्तरी अपघात चढला आणि पुढील सालापासून हप्ता वाढला, अशी धास्ती त्याला पडते. ही धास्ती अर्धवट माहितीतून उपजलेली आहे. कारण आपल्याकडे हप्त्यातील सवलत अपघातामुळे जात नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केल्यामुळे जाते.

ही सवलत, जिला सर्वजण ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात, पहिल्या दावारहित वर्षानंतर 20 टक्के, नंतर क्रमाने 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के अशी चढत जाते, आणि दावा लहान असो वा मोठा, चूक आपली असो वा समोरच्याची, तो एकदा मंजूर झाला की सामान्यतः शून्यावर येते. समजा, स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता 8,000 रुपये आहे आणि निम्म्या सवलतीमुळे आपण 4,000 भरतो. बंपरच्या 4,000 रुपयांसाठी दावा केला, तर साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर निम्मा घसारा आणि 1,500 सीसीपर्यंतच्या मोटारीला 1,000 रुपयांची सक्तीची वजावट जाऊन हाती 1,000 रुपये पडतात. उलट मूळ हप्ता स्थिर धरल्यास गेलेली सवलत पुन्हा निम्म्यावर येईपर्यंतच्या पाच वर्षांत 10,000 रुपये जादा भरावे लागतात. हा हिशेब गॅरेजच्या दारात कोणी मांडून दाखवत नाही, याचे मला वाईट वाटते.

संपूर्ण हप्ताच दुप्पट होतो, हीही गैरसमजूत आहे. तृतीय पक्षाच्या विम्याचा दर शासन ठरवते. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी मोटारीस तो वर्षाला 3,416 रुपये होता, आणि मालकाच्या दाव्यांशी त्याचा संबंध नाही. मात्र स्वतःच्या नुकसानीचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना 2007 पासून असल्याने वारंवार दावे करणाऱ्याकडे एखादी कंपनी चढा दर मागू शकते. तेव्हा कंपनी बदलून मागील दावा लपवावा, असा सल्ला देणारे भेटतात; परंतु नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करू शकते, आणि निवेदन खोटे ठरल्यास स्वतःच्या नुकसानीचे सर्व संरक्षण जप्त होते. सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे, म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यास विकणाऱ्याची सवलत मिळत नाही.

सर्वांत घातक समजूत मात्र निराळी आहे: हप्ता वाढेल म्हणून माणूस जखमी झाल्याची वर्दीच न देणे. ज्येष्ठ वद्य सप्तमीच्या सुमारास, जेव्हा पालखीच्या प्रस्थानासाठी वारकरी देहूकडे पायी येत असतात, तेव्हा कोणाला धक्का लागल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 134 अन्वये जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे, 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. पंचनामा झाला एवढ्यावरून सवलत जात नाही. जखमीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते आणि विमा चालू असून त्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर ती रक्कम कंपनी भरते.