मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह : निवड व निगा



वस्तू जितकी लहान, तितकी ती घेताना आपण कमी विचार करतो. घागर घेताना आपण ती वाजवून पाहतो. परंतु नखाएवढे मेमरी कार्ड घेताना केवळ किंमत विचारतो आणि मोकळे होतो. वास्तविक त्या नखाएवढ्या तुकड्यात आज पुष्कळ काही साठविले जात असते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील घरांचेच पाहा. माणिकप्रभूंची पदे, गाणगापूरच्या यात्रेची छायाचित्रे, आजीने जात्यावरच्या म्हणून दाखविलेल्या ओव्या, हे सारे आता मोबाइलमध्ये असते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि हे तालुके हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. येथली मराठी कानडीच्या आणि दखनीच्या शेजाराने घडलेली आहे. ती बोली छापील पुस्तकांत क्वचितच सापडते; ती वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. असा आवाज एकदा पुसला गेला, तर तो पुन्हा विकत मिळत नाही. म्हणून ज्या वस्तूत तो ठेवावयाचा, तिची पारख करणे अगत्याचे आहे.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. सर्वसाधारण प्रतीचे ध्वनिमुद्रण एका मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा घेते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर पाचशे तासांहून अधिक भजन मावेल. केवळ ऐकण्यासाठी याहून मोठे कार्ड घेण्याचे कारण नाही. चलच्चित्राची गोष्ट निराळी. लग्नाचे चित्रीकरण करावयाचे असेल, तर ६४ किंवा १२८ गिगाबाइटचा विचार करावा. येथे एक शंका नेहमी निघते : ३२ चे कार्ड यंत्रात घातल्यावर २९.८ च का दिसते? ही दुकानदाराची लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, तर संगणक १०२४ च्या पटीने. एवढाच तो फरक आहे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या जातीची. कार्डावर बारीक अक्षरांत खूण छापलेली असते. एसडीएचसी ही जात ३२ गिगाबाइटपर्यंतची. त्यापुढची ती एसडीएक्ससी. जुने ध्वनिवादक आणि भजनाचे छोटे स्पीकर यांपैकी पुष्कळांना पहिलीच जात वाचता येते. तेव्हा यंत्राच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा पाहून मगच खरेदी करावी. फॅट-३२ या जुन्या मांडणीत एकच फाइल ४ गिगाबाइटहून मोठी ठेवता येत नाही, हेही ध्यानात असावे. मोठे चित्रीकरण ‘जागा असूनही’ उतरत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

तिसरी गोष्ट वेगाची. कार्डावर इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० चा आकडा असेल, तर ते सेकंदाला निदान १० मेगाबाइट लिहून घेते. व्ही ३० असेल, तर निदान ३०. गाण्यांना पहिला वेग भरपूर होतो. उत्तम प्रतीच्या चित्रीकरणास दुसरा लागतो. पेन ड्राइव्ह घेताना त्याचे तोंड पाहावे. नव्या मोबाइलना टाइप-सी लागते, दुकानातील संगणकास व गाडीतील वादकास बहुधा जुने चपटे तोंड लागते. दोन्ही बाजूंस दोन तोंडे असलेला ड्राइव्ह घेतल्यास दोन्ही कामे भागतात.

आता फसवणुकीविषयी. आठवडी बाजारात वा जत्रेत मोठ्या आकड्याचे कार्ड कवडीमोलाने मिळते, तेव्हा सावध व्हावे. अशा कार्डातील नियंत्रक चकतीला खोटे बोलावयास शिकविलेले असते. आत जागा आठची, पण ती सांगते एकशे अठ्ठावीस! आठ भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यानंतर नवे लिहिले की जुने पुसले जाते, किंवा नवे कोठेच लिहिले जात नाही. यादीत नावे मात्र दिसत राहतात. उघडावयास गेले की आत काही नसते. याला उपाय सोपा आहे. पावती घेऊन खरेदी करावी आणि महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम हे काम करतो.

निवडीइतकीच निगाही महत्त्वाची. या कार्डांत माहिती राहते ती सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेल्या विद्युद्भाराच्या रूपाने. हा भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत जातो आणि उष्णतेने ती झीज वाढते. आपल्याकडे, विशेषतः कलबुर्गीकडे, उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. बंद गाडीत तर उष्मा त्याहून कितीतरी अधिक. तेथे कार्ड विसरू नये. लिहिणे चालू असताना ते उपसून काढू नये. झेरॉक्सच्या दुकानात कागद छापावयास नेण्याचा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवावा. अनेक हातांतून फिरणाऱ्या संगणकातून विषाणू घरी येतात.

शेवटी मुख्य सूत्र सांगतो. कार्ड हे वाहन आहे, कोठार नव्हे. ज्या ध्वनिमुद्रणाची पुन्हा भरपाई होणार नाही, त्याच्या निदान दोन प्रती असाव्यात : एक घरच्या संगणकावर वा हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे. वर्ष-दोन वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात आणि नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. पोथी जीर्ण झाली की आपले पूर्वज तिची नक्कल करीत. साधन बदलले आहे. रीत तीच ठेवावी, हे बरे.