माकडताप : औषध नसले तरी उपचार आहे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ज्या गावांत काजूच्या बागा जंगलास लागून आहेत, तेथील शिक्षकांस माकडताप हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. तथापि या रोगाविषयी एक चुकीची समजूत रूढ होऊ पाहत आहे. ‘या तापावर औषधच नाही, मग दवाखान्यात जाऊन उपयोग काय?’ असे पालक विचारतात. या प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र घातक आहे. तो कसा, हे शिक्षकांनी प्रथम स्वतः नीट समजून घेतले पाहिजे.

रोगाचा उगम व प्रसार

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत लोक तापाने आजारी पडू लागले. पुणे येथील विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तपास करून या रोगाचा विषाणू शोधून काढला. पुढे अनेक वर्षे हा रोग त्याच परिसरात राहिला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला.

विषाणूचा वाहक जंगलातील गोचीड होय. माकड मेले म्हणजे त्याच्या अंगावरील गोचिडी खाली पाचोळ्यात पडतात व ती जागा धोक्याची बनते. पावसाळा संपल्यानंतर गोचिडीची बारीक पिल्ले बाहेर पडतात. नेमक्या याच दिवसांत, पुढे मे महिन्यापर्यंत, आपली माणसे काजू वेचण्यास, लाकूडफाटा व पातेरा आणण्यास रानात जातात. त्यांच्यासोबत मुलेही असतात. हा रोग एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. म्हणून आजारी मुलाच्या भावंडांस शाळेत येण्यास मनाई करणे किंवा त्या घराशी व्यवहार तोडणे अज्ञानाचे आहे.

लक्षणे

गोचीड चावल्यानंतर सुमारे ३ ते ८ दिवसांनी थंडी वाजून एकाएकी जोराचा ताप येतो. कपाळ ठणकते, अंग व स्नायू अतिशय दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या व जुलाब होतात. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रोगी एक ते दोन आठवड्यांत बरे होतात. शंभर रोग्यांमागे साधारणतः ३ ते ५ दगावतात.

डॉक्टर काय करतात?

विषाणूचा नाश करणारे औषध उपलब्ध नसल्याने डॉक्टर रोग्याच्या शरीरास लढण्यासाठी वेळ मिळवून देतात. उलट्या-जुलाबांनी कमी झालेले पाणी तोंडावाटे किंवा शिरेतून भरून काढले जाते. रक्तदाब आणि रक्तातील बिंबिकांची संख्या, म्हणजेच प्लेटलेट, वेळोवेळी तपासली जाते. रक्तस्राव झाल्यास रक्त अथवा रक्तघटक देतात. तापासाठी पॅरासिटामॉल देतात. ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन टाळतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी अपाय करू शकते, ती यामुळेच. ही देखरेख घरी होऊ शकत नाही.

दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस या रोगांचा ताप आरंभी असाच दिसतो. परंतु डॉक्सीसायक्लिनसारखी औषधे वेळीच मिळाल्यास ते बरे होतात. ताप कोणता, हे रक्ततपासणीवाचून कळत नाही. ‘माकडतापच असणार’ असे ठरवून घरी राहिलेला रोगी कदाचित औषध असलेल्या रोगानेच दगावेल.

या रोगाची पूर्वीची लस अपुरी परिणामकारक ठरल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. नवी लस तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तोवर सावधगिरी हाच खरा बचाव आहे.

शिक्षकांनी काय करावे?

१. रानात जाताना पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावेत, उघड्या अंगास आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडप्रतिबंधक तेल लावावे, पातेऱ्यावर बसू नये आणि घरी आल्यावर गरम पाणी व साबणाने स्नान करावे, हे मुलांस पुनःपुन्हा सांगावे. अंगास चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी व ती जागा साबणाने धुवावी.

२. मेलेले माकड दिसल्यास मुलांनी त्याच्याजवळ जाऊ नये. शिक्षकांनी ग्रामपंचायतीस, वनखात्यास व प्राथमिक आरोग्य केंद्रास ताबडतोब कळवावे.

३. तापाने गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी चौकशी करावी. मूल रानात गेले होते काय, हे विचारून ती माहिती चिठ्ठीवर लिहून द्यावी, म्हणजे डॉक्टरांस निदानाची दिशा मिळेल.

४. बरे होऊन शाळेत परतलेल्या मुलावर पुढील तीन आठवडे लक्ष ठेवावे. शंभरातील १० ते २० रोग्यांस मध्यंतरी एक-दोन आठवडे बरे वाटून पुन्हा ताप येतो व त्या वेळी मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, बोलण्यात असंबद्धता, लिहिताना हात कापणे यांपैकी काहीही आढळल्यास तास संपण्याची वाट न पाहता पालकांस बोलवावे व मुलास दवाखान्यात पाठवावे.

पालकांच्या दृष्टीने तोपर्यंत आजार संपलेला असतो व मूल दिवसाचा मोठा भाग वर्गात असते. म्हणून हा बदल प्रथम शिक्षकांच्याच नजरेस पडण्याचा संभव आहे. अक्षर का बिघडले, असे रागावून विचारण्यापूर्वी मुलाच्या कपाळास हात लावून पाहावा, एवढीच विनंती.