काळ्याला लागून काळी

संपादकांनी ग्वाल्हेरला धाडलं होतं ते इथल्या मराठी घरांवर लिहायला. सिटी सेंटरमधल्या एका फ्लॅटमध्ये मात्र मी दिवसभर अडकलो. लष्कर भागात वाढलेले, कॉम्प्युटर दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक काका तिथे भंगारातून ४८६ संगणक उभा करत होते.

इंटेलने ४८६ हा प्रोसेसर आणला १९८९ साली. काकांच्या हातातला डीएक्स२ १९९२ चा अवतार : बोर्डवर ३३ मेगाहर्ट्झ, चिपच्या आत ६६. बोर्डच्या कोपऱ्यात हिरवट बुरा चढला होता. घड्याळ चालवणारी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली की तिच्यातला अल्कली तांब्याच्या रेषा खात सुटतो. काकांनी बॅटरी कापून काढली, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर फिरवलं, भिंग धरलं. एक रेष तुटलेली. तिच्यावर त्यांनी केसाएवढी तार डाग देऊन बसवली. सत्तरीतला तो हात जराही हलला नाही.

मग पॉवर सप्लायचे दोन जोड. दिसायला सारखे, उलटेही बसतात, आणि उलटे बसले तर बोर्ड जळतो. "काळ्याला लागून काळी, एवढंच लक्षात ठेवायचं," काका म्हणाले. काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या. बटण दाबलं. मेमरीचे आकडे चढत गेले, फ्लॉपी ड्राइव्ह गुरगुरला.

परीक्षा साधी होती. वर्डस्टारमध्ये बोट उचलायच्या आत अक्षर उमटत होतं. 'डूम' खेळण्याजोगा चालला. टर्बो बटणाने वेग उतरवल्यावर जुने खेळही आवाक्यात आले. यंत्र पास.

पण काकांना हवी होती मराठी. त्यांच्या फ्लॉपीत गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी आहे, जिस्ट कार्डावर टंकलेली. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं, मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढवलेलं हे कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. भारतीय लिप्यांच्या संकेतांसाठीच्या १९९१ च्या इस्की प्रमाणात 'क'चा क्रमांक १७९. कार्ड नसेल तर डॉस त्याच क्रमांकाला उभी रेघ काढतो. काकांनी यादी उघडली. शेजाऱ्यांच्या नावांच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

काकांच्या यंत्रातला कार्डाचा स्लॉट अजून रिकामा आहे. तुमच्या माळ्यावर किंवा कार्यालयाच्या अडगळीत जिस्ट कार्ड असेल, तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. आणि जुना बोर्ड असेल, तर त्यावरची बॅटरी आजच काढा.