पन्हाळ्यास केव्हां जावें?

आमची एक भाची नोकरीनिमित्त जर्मनींत असते. गेल्या वर्षीं तिचा निरोप आला कीं, मुलांना घेऊन रोम शहर पाहावयास जाण्याचा बेत आहे. पण कोणत्या महिन्यांत जावें हें ठरविण्यांतच घरांत तीन आठवडे गेले. आम्हांला प्रथम हंसूं आलें. रोम कांहीं पळून जात नव्हतें! मग सहज मनांत आलें कीं, आपण आपल्या घराजवळच्या पन्हाळ्यास आजवर अनेकदां गेलों, पण ‘केव्हां जावें’ हा प्रश्न स्वतःस कधीं विचारलाच नाहीं. शाळेस सुटी लागली, कीं पिशव्या भरल्या. रजा मिळाली, कीं निघालों. त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आमच्या घरानें एकदां मोजली आहे. ती हकीकत शेवटीं सांगूं. आधीं प्रश्नाचा विचार करूं.

भाचीच्या घरची चर्चा व्यर्थ नव्हती. दक्षिण युरोपांत ऋतूंचा क्रम आपल्याहून उलटा आहे. तिकडे पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यांत. उन्हाळा अगदीं कोरडा आणि कडक. ऑगस्टांत रोमची फरसबंदी तव्यासारखी तापते, आणि महिन्याच्या मध्यावर सणाच्या निमित्तानें गांवचे लोकच दुकानें बंद करून समुद्राकांठीं जातात. म्हणून जाणते प्रवासी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने पसंत करतात. आपल्याकडे मे महिना हा उन्हाळ्याचा कळस, आणि सप्टेंबर हा पावसाचा उत्तरार्ध. तेव्हां त्यांचे महिने आपल्या कामाचे नाहींत. परंतु महिना निवडण्याची त्यांची रीत मात्र उचलण्यासारखी आहे. हवा कशी असेल, गर्दी किती असेल, आणि बरोबर कोण आहे, अशा तीन प्रश्नांची उत्तरें ते आधीं मांडतात व मग दिवस ठरवितात. हीच रीत पन्हाळ्यास लावून पाहूं.

पन्हाळा कोल्हापुराहून सुमारें वीस किलोमीटर. एस. टी.ची गाडी थेट गडावर जाते, ही वृद्धांच्या दृष्टीनें मोठीच सोय. गडावर नांदतें गांव आहे, नगरपरिषद आहे, उतरावयास जागा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज यानें बांधलेला हा दुर्ग पुढें यादव, बहामनी, आदिलशाही अशा हातांतून जात शिवाजीमहाराजांकडे आला. ताराबाईंच्या काळीं तो करवीर राज्याची राजधानी झाला, आणि १७८२ सालीं राजधानी कोल्हापुरास जाईपर्यंत तें वैभव त्याजकडे राहिलें. सात किलोमीटरांहून अधिक लांबीची तटबंदी, तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याचीं प्रचंड धान्यकोठारें, सज्जा कोठी. एवढें सारें पाहावयाचें तर दोन दिवस सहज लागतात, आणि तें पायीं हिंडूनच पाहावें लागतें. म्हणूनच ऋतूचा प्रश्न येथें महत्त्वाचा.

प्रथम उन्हाळा घेऊं, कारण बहुतेक कुटुंबें मे महिन्यांतच जातात. पन्हाळ्यास ‘थंड हवेचें ठिकाण’ म्हणतात, पण त्या शब्दांचा अर्थ थोडा हिशेबानें घ्यावा. हवा वर जावें तसतशी दर हजार फुटांस सुमारें दोन अंश सेल्सिअस थंड होते, असा साधारण नियम आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास, तर पन्हाळा तीन हजारांहून थोडा अधिक. म्हणजे अंतर तेराशे फुटांचें, आणि थंडाव्याचा फरक अडीच अंशांच्या घरांतला. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. तेथला गारवा मनांत धरून जो वैशाखांत पन्हाळ्यास येईल, तो दुपारीं बारा वाजतां तटाच्या काळ्या दगडावर हात ठेवून निराश होईल. मात्र सूर्य कलला, कीं पश्चिमेचा वारा सुटतो आणि संध्याकाळ खरोखरच सुखाची होते. तेव्हां उन्हाळ्यांतच जाणें प्राप्त असेल, तर सकाळीं दहाच्या आंत व सायंकाळीं चारनंतर हिंडावें. मधला वेळ झोप, पत्ते आणि पुस्तकें यांस द्यावा. मुलांना करवंदें व जांभळें यांची लूट मिळते, हा या ऋतूचा विशेष. वळीव कोणत्या दुपारीं गांठील याचा नेम नसतो, म्हणून छत्री जवळ असूं द्यावी. चैत्री पौर्णिमेस शेजारच्या जोतिबाच्या डोंगरावर लक्षावधि भाविक लोटतात. यात्रेसाठींच जाणाऱ्यांनीं जरूर जावें. पण ज्यांस निवांतपणा हवा, त्यांनीं ते चार दिवस टाळावे.

आतां पावसाळा. तरुणांना विचाराल, तर पन्हाळा आषाढांतलाच खरा, असें ते छातीठोक सांगतील. आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. सिद्दी जौहराचा वेढा १६६० च्या मार्चांत पडला. पाऊस लागला, कीं वेढा ढिला होईल, ही सामान्य अपेक्षा त्यानें खोटी ठरविली. सैन्यास आसरे उभारून त्यानें वेढा चालूच ठेवला. अखेर जुलैच्या मध्यास, भर पावसाच्या रात्रीं, महाराज गडावरून निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभु यांनीं त्या रात्रीचें व दुसऱ्या दिवसाचें मोल आपल्या प्राणांनीं चुकतें केलें. आजही दर जुलैंत तरुणांचे जथे पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत त्याच वाटेनें दोन दिवस चिखल तुडवीत जातात. ती वाट पावसांतच चालली पाहिजे. कोरड्या वाटेवर तो इतिहास पुरता कळणार नाहीं. आमच्या घरांतील मुलें गेलीं होतीं. परत आलीं तेव्हां अंगावर कोरडें असें सूत नव्हतें आणि तोंडें मात्र उजळलेलीं होतीं.

पण हा झाला तरुणांचा पन्हाळा. वृद्ध आणि लहान मुलें यांसह पावसाळ्यांत जाणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, गडावर धुकें उतरलें म्हणजे दहा हातांवरचा बुरूज दिसत नाहीं, आणि दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतें. दुसरी अधिक गंभीर. पंचगंगेस मोठा पूर आला, कीं कोल्हापुराहून पन्हाळ्याकडे जाणारा रस्ताच पाण्याखालीं जातो. २०१९ व २०२१ सालीं तसें झालें. २०२१ च्या जुलैंत तर अतिवृष्टीनें गडावर चढणारा रस्ता चार दरवाजाजवळ खचला आणि वाहनांची ये-जा कित्येक महिने बंद पडली. दोन दिवसांची सहल कोणाला एकाएकीं आठवड्याची करावी लागूं नये, एवढ्याचसाठीं हें सांगितलें.

गौरी-गणपति झाल्यानंतरचे दिवस हा एक वेगळाच ऋतु मानला पाहिजे. पाऊस उघडझांप करूं लागतो, धुकें विरतें, आणि तटाच्या फटींतून सुद्धां हिरवें गवत डोकावतें. पन्हाळ्याजवळचें मसाईचें पठार या वेळीं रानफुलांनीं भरून जातें. ज्यांस वनस्पतींची आवड आहे, किंवा ज्यांच्या घरांत चित्रें काढणारें मूल आहे, त्यांनीं भाद्रपदाचा शेवट किंवा आश्विनाचा आरंभ साधावा. फुलें मात्र पाहावीं, खुडूं नयेत. आणि पठारावर चालतांना पायांखालीं काय येतें इकडे लक्ष ठेवावें. नवरात्रांत करवीरनिवासिनीच्या दर्शनास येणाऱ्यांची गर्दी पन्हाळ्यापर्यंत पोंचते, हेंही विसरूं नये.

आतां राहिला तो हिवाळा, आणि आमचा कौल त्यास आहे. कार्तिकाच्या उत्तरार्धापासून माघापर्यंत आकाश धुतल्यासारखें असतें. सज्जा कोठीवर उभें राहावें, तर खालचें खोरें आणि शेतें स्पष्ट दिसतात. दिवसभर हिंडलें तरी थकवा येत नाहीं. भाकरी, झुणका, दही आणि मिरचीचा खर्डा यांची चव थंडींत वाढते, हें सांगावयास वैद्य नको. खालीं उंसाचीं गुऱ्हाळें चालू असतात, तेव्हां ताज्या गुळाची सोय होते. याच काळांत आणखी एक योग साधतां येतो. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण अंबाबाईच्या देवळांत थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. हा किरणोत्सव आणि पन्हाळ्याचे दोन दिवस अशी जोड घातली, तर एका प्रवासांत देव व इतिहास दोन्ही घडतात.

गडाच्या इतिहासाकडे पाहिलें तरी हाच कौल मिळतो. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, २८ नोव्हेंबर १६५९ रोजीं, महाराजांनीं पन्हाळा प्रथम घेतला. तो हातचा गेल्यावर कोंडाजी फर्जंदानें साठ माणसांनिशीं ६ मार्च १६७३ च्या रात्रीं तो पुन्हां मिळविला. गडकऱ्यांच्या उठावांत इंग्रजांनीं तो जिंकला, तो १८४४ च्या डिसेंबरांत. गड चढून येणाऱ्यांनीं कोरडा ऋतु साधला. गडावरून निसटणाऱ्यानें पाऊस साधला. आपण चढून येणाऱ्यांपैकीं आहों, तेव्हां आपला ऋतु कोणता हें उघड आहे.

हिवाळ्यासही दोष आहेत. दिवाळीची सुटी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांत गर्दीमुळें मोटारींस उभें राहावयास जागा मिळत नाहीं. २०२५ च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचें स्थान मिळालें व त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हां पाहुण्यांची संख्या पुढें वाढेल, घटणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. यास उपाय एकच. शनिवार-रविवार सोडून मधले दोन दिवस घ्यावे. मुलांची दोन दिवसांची शाळा बुडेल खरी; पण अंबरखान्यांत उभें राहून किती माणसांचें धान्य येथें मावत असेल याचा अदमास मुलानें स्वतः केला, तर तें नुकसान भरून निघालें असें समजावें. वृद्धांसाठीं लोकरी शाल व कानटोपी मात्र विसरूं नये. रात्रीचा वारा बोचरा असतो.

आतां ती आमची हकीकत. आमच्या तीर्थरूपांस मोरोपंतांचें फार वेड. पंतांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळ्यावर झाला व १७९४ त बारामतीस त्यांनीं देह ठेवला, हें ते आम्हांला लहानपणापासून ऐकवीत. ज्या भूमीवर पंतांनीं पहिलीं पावलें टाकलीं, ती एकदां पायांनीं चालून पाहावी, एवढीच त्यांची इच्छा. सत्तरी उलटल्यावर ते तसें बोलून दाखवूं लागले, तेव्हां आम्हांला रजा मिळाली ती आषाढांत. फार विचार न करतां निघालों. दोन दिवस धुक्यानें खिडकीबाहेरचें झाड दिसूं दिलें नाहीं. तीर्थरूप घोंगडी पांघरून बसले, आर्या म्हणत राहिले, आणि एका शब्दानें तक्रार केली नाहीं. ‘मार्गशीर्षांत पुन्हां येऊं,’ असें आम्ही म्हणालों.

त्या मार्गशीर्षांत घरांत परीक्षा होती. पुढच्या वर्षीं लग्नकार्य निघालें. तिसऱ्या वर्षीं हवा उत्तम, आकाश निरभ्र, सारें जुळून आलें. पण आतां गुडघे साथ देईनात. मोटारीनें गडावर गेलों. अंधारबावीच्या तोंडाशीं एका दगडावर ते बसले आणि म्हणाले, ‘तुम्ही उतरा. मी येथें बसतों.’ आम्ही खालीं जाऊन आलों. त्यांनीं विचारलें, ‘पाणी आहे का रे अजून?’ ‘आहे,’ म्हणालों. ते थोडा वेळ गप्प बसले व मग सहज म्हणाले, ‘त्या खेपेस मला उतरतां आलें असतें. पण पाऊस होता.’ त्यांत राग नव्हता, हेंच आम्हांस अधिक लागलें. पुन्हां येणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें असें आहे. तरुण असाल, तर जुलैंत जाऊन भिजा. फुलांचे वेडे असाल, तर आश्विन साधा. सुटीचें बंधन असेल, तर मे महिन्यांत जा आणि दुपार घरांत काढा. परंतु घरांत कोणी वडीलधारें माणूस असेल आणि ‘एकदां पन्हाळा पाहावयाचा आहे’ असें त्यानें म्हटलें असेल, तर येत्या मार्गशीर्षांतले मधल्या वारांचे दोन दिवस आजच पंचांगांत खुणावून ठेवा, आणि परीक्षा असो कीं कार्य असो, ती खूण पुसूं नका.