शेपटीखालचं अत्तर

जव्हार-मोखाड्याच्या रानात सकाळी एखादा उघडा, सपाट दगड दिसला तर जरा वाकून पाहा. त्यावर कधीकधी बियांनी गच्च भरलेली विष्ठा असते. उंबराच्या बारीक, नाहीतर जांभळाच्या अख्ख्या बिया. ही करामत उदमांजराची. दगडावर, आडव्या पडलेल्या खोडावर विष्ठा टाकायची त्याला खोडच आहे. त्यातल्या कितीतरी बिया पुढे रुजतात.

नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. मुंगूस त्याला जास्त जवळचं. त्याला मसण्या ऊद ठरवून मढी उकरण्याचा आळ घेतात, तोही खोटा. त्याची खरी आवड फळं. जोडीला उंदीर, किडे. ताडाला लावलेल्या मडक्यातली ताडीही ते चाटून जातं, हे मात्र खरं! अंधारात लखलखणाऱ्या डोळ्यांचं गूढही साधंच आहे. डोळ्याच्या मागे चकाकणारा पडदा असतो, बॅटरीचा उजेड त्यावरून परत फिरतो.

खरी गंमत शेपटीखाली आहे. तिथे नराला आणि मादीलाही फुगीर गंधग्रंथी असतात, आणि त्या हुबेहूब वृषणांसारख्या दिसतात. १७७७ साली पालास या निसर्गशास्त्रज्ञाने या प्राण्याचं नामकरण केलं ते थेट ‘उभयलिंगी’ अशा अर्थाचं. ते शास्त्रीय नाव आजही कायम आहे. उदमांजर मात्र पहिल्यापासून सरळ नर नाहीतर मादी. बूड जमिनीला घासत ते या ग्रंथींचा वास मागे ठेवत जातं. दुसऱ्या उदमांजरासाठी तो निरोपच. कोंडीत सापडलं तर गुदाजवळच्या ग्रंथींतून उग्र दर्पही सोडतं.

याच्याच भाऊबंदाचा, जवादी मांजराचा, ग्रंथिस्राव तिरुपतीच्या बालाजीच्या अभिषेकात ‘पुनुगू’ तेल म्हणून वापरतात. जवादीच्या वासाचं मूळ असलेल्या सिव्हेटोनची रचना लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ मध्ये उलगडली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ चकितच झाले: १७ कार्बन अणूंचं कडं! एवढं मोठं कडं टिकणारच नाही, असा तोवरचा समज होता. रुझिच्कांना १९३९ चं नोबेल मिळालं. आता हा सुगंध कारखान्यात बनतो. अत्तरापायी प्राणी पिंजऱ्यात कोंडायचं काही कारण उरलेलं नाही.

घराच्या माळ्यावर उदमांजर आलं तर काठी घेऊन धावू नका. वाट मोकळी ठेवा, रात्री ते आपणहून निघून जाईल. जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.