सातवाहनांचे स्वार रंगवताना

पटावरच्या ऐतिहासिक युद्धखेळासाठी बोटभर उंचीचे घोडेस्वार रंगवायचे, तर नांदेड-लातूरकडच्या माणसाने प्राचीन फौज शोधायला दूर जायला नको. प्रतिष्ठान म्हणजे पैठण आणि तगर म्हणजे तेर ही सातवाहन काळातली भरभराटीची नगरे मराठवाड्यातच आहेत. मात्र ब्रश हातात घेण्याआधी काही समजुती पुराव्यावर तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज 1 : सातवाहनांचा स्वार म्हणजे किल्ल्यावरचा मावळाच.

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेले मातीचे मावळे ही मराठी मुलांची पहिली फौज. त्यामुळे अंगरखा आणि शेला हाच स्वाराचा सार्वकालिक वेश वाटतो. पण सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि मराठ्यांची 1760ची उदगीरची लढाई यांच्यात सोळाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचा लेख आहे. तिथल्या शिल्पांत बहुतेक पुरुष उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले आणि डोक्याला भरगच्च पागोटे बांधलेले दिसतात. म्हणून या स्वारांवर कापडाइतकेच कष्ट अंगकांतीवर घ्यावे लागतात. तपकिरीच्या गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन छटा लागतात.

गैरसमज 2 : रिकीब नसेल तर घोड्यावरून लढताच येत नाही.

आजचा प्रत्येक स्वार रिकिबीत पाय घालूनच बसतो, म्हणून हे पटते. पण इ.स.पू. 326मध्ये झेलमकाठी पोरसाशी लढलेल्या अलेक्झांडरच्या घोडदळाला रिकीब माहीतच नव्हती. दोन्ही पायांच्या धातूच्या रिकिबी चीनकडे इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास दिसू लागतात. सांचीच्या काही शिल्पांत पायाचा अंगठा अडकवण्यापुरता पट्टा दिसतो, तेवढाच. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नियार्कस याच्या आधारे ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो, की भारतीय स्वार दोन भाले आणि पायदळापेक्षा लहान ढाल बाळगत. तेव्हा सातवाहन स्वाराच्या पायाशी चकचकीत लोखंड रंगवू नये.

गैरसमज 3 : शिल्पे बिनरंगी, म्हणजे त्या काळच्या रंगांना पुरावाच नाही.

दगड पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अजिंठ्याच्या 9 आणि 10 क्रमांकाच्या लेण्यांत सातवाहनकालीन चित्रे अंशतः टिकून आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती आणि हिरवी माती हे अजिंठ्याच्या चित्रकारांचे मुख्य रंग. ठळक निळा मात्र पाचव्या शतकातल्या चित्रांत भेटतो. भिंतीवर निळा नाही म्हणून अंगावर नव्हता, असेही ठरत नाही. भारतात कापड निळीने रंगवण्याची परंपरा फार जुनी आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ तगरहून भडोचला गाड्यांतून जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाची आणि मलमलीची नोंद करतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मृण्मूर्तीही पाहायला मिळतात.

गैरसमज 4 : राजाचा घोडा पांढराशुभ्र, आणि तो रंगवायला पांढरा रंग पुरे.

खंडोबाचा घोडा पांढरा, वरातीतला घोडाही पांढराच. म्हणून ही समजूत घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः गडद असतात आणि वयानुसार उजळत जातात. त्यांची कातडी काळसर राहते, म्हणून नाकपुडी, ओठ आणि डोळ्यांभोवती राखाडी छटा हवी. गुलाबी कातडीचा जन्मतः पांढरा नुकरा वेगळा. शिवाय लाल-तपकिरी अंग आणि काळी आयाळ असलेला कुमैत हा फौजेत भरपूर असावा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी तिथे डोळे भरून पाहावा.

गैरसमज 5 : बारीक कामाला सर्वांत बारीक ब्रशच हवा.

तर्क सरळ वाटतो, पण बारीक रेघ ब्रशच्या टोकामुळे उमटते, जाडीमुळे नाही. अतिबारीक ब्रशात रंग इतका कमी मावतो, की लगामापर्यंत पोहोचण्याआधीच तो सुकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ॲक्रिलिक रंग तर झपाट्याने घट्ट होतो. टोकदार 1 नंबरचा ब्रश घ्यावा. पसरट डब्यात ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला की तो बराच वेळ ओला राहतो.

गैरसमज 6 : खेळच तर आहे, वेश चुकला म्हणून काय बिघडले?

खेळाचा आनंद आधी, हे खरेच. पण या खेळात प्रतिस्पर्धी क्षत्रप नहपानाची शक फौज असेल, तर विजार, लांब अंगरखा आणि टोकदार टोपी ही शकांची ओळख आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली आहे. इतका तो झगडा निकराचा होता. दोन्ही बाजूंचे स्वार एकाच साच्यात रंगवले, तर कोण कोणाशी आणि कशासाठी लढले हेच पटावरून पुसले जाते. पुरावा हाताशी असताना तो वापरणे, हा त्या माणसांचा मान राखण्याचा साधा मार्ग आहे.